बसवताना मोडलेल्या

४ सप्टेंबर

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहून कागद भरत नाही. फोनवर तू "बरी आहेस ना?" विचारतोस, मी "बरी आहे" म्हणते, आणि दोघंही सुटतो. म्हणून पत्र लिहायचं ठरवलंय. तुझी प्रयोगशाळा सोडून आठ महिने झाले. आता वेळच वेळ आहे.

बाबांचं दुकान उघडलं. म्हणजे झाडलोट केली, त्यांचं टेबल खिडकीशी ओढलं आणि बसले. पाटी अजून तीच आहे, 'घड्याळे दुरुस्त करून मिळतील'. लोक पाटी वाचून आत येतात आणि मी त्यांना मिळणार नाहीत म्हणून सांगते. सेल बदलून देते, पट्टे लावून देते, बस्स. काल एक आजी नवऱ्याचं चावीचं घड्याळ घेऊन आल्या होत्या. बाबा असते तर जेवणावरून उठून त्यात डोकं घातलं असतं. मी म्हटलं, माझे हात गेले हो. त्यांनी वाकून माझ्या हातांकडे पाहिलं, तर ते होते की जागेवर. बिचाऱ्या गोंधळून घरी गेल्या. ह्यांनी आतून हाक मारून सांगितलं, "ती पाटी तरी उलटी लाव, गिऱ्हाइकाला निदान दुकानाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत."

तू मला कधी टाकून बोलला नाहीस, हे मी सगळ्यांना सांगते. नुसता तक्ता पुढे ठेवलास. मायक्रोस्कोपखाली मी चारशे नव्वद वायर बसवायला घेतल्या, तीनशे बारा बसवताना मोडल्या. दहातल्या सहा. बाबांच्या हाताखाली चौदा वर्षं काढली, डोळ्याला भिंग लावून तिळाएवढे स्क्रू बसवले, तेव्हा एक हरवला नाही की मोडला नाही. पण आकड्यापुढे काय बोलायचं? आता चहा ओततानासुद्धा मी आधी बशीकडे बघते, सांडला का म्हणून.

एक काम कर. प्रयोगशाळेतल्या माझ्या कपाटात खालच्या खणात चपटी पेटी आहे. मोडलेल्या वायरींचे बुडखे त्यात तारीखवार ठेवलेत. फेकू नकोस. मोडलेला भाग गिऱ्हाइकाने बघितल्याशिवाय टाकायचा नाही, ही बाबांची सवय मला लागलीय.

ह्यांचे पाय सुजताहेत. आयुष्यभर भूगोल शिकवला, आता स्वतःच्या पायावर बोटाने दाबतात, खड्डा पडला की म्हणतात, "हे बघ, खोरं." डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय. आणि हे विचारतात, तुम्ही बहीणभाऊ तिथे नेमकं काय करत होता? मी सांगितलं तर पटत नाही, म्हणतात दिसत नाही त्याचा पगार कोण देतं. तूच सांग एकदा.

ताई


२० सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पायऱ्यांच्या वाक्याला एकटाच हसलो, विद्यार्थिनीने दारातून डोकावून पाहिलं.

भावोजींना सांग, आम्ही खांब दाबतो. फक्त खांब फार बारीक. भट्टीत एका चिपवर ह्या तारा गवतासारख्या उगवतात. एका केसाच्या जाडीत पाचशे शेजारी शेजारी मावतील. त्यांना आम्ही नॅनोवायर म्हणतो. त्यातली एक उपटायची, इवल्याशा ओट्यावर उभी करायची, पायथा चिकटवायचा आणि वरून हिऱ्याच्या चपट्या टोकाने दाबायचं. हे सगळं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, दोन नॉब फिरवून, जे तू इतकी वर्षं केलंस. मोठा खांब दाबाखाली कसा जातो ते घरं बांधणाऱ्यांना माहीत आहे. आखूड आणि जाड असेल तर चेपतो. लांब आणि बारीक असेल तर मध्येच बाजूला झुकतो आणि वाकतो. एवढ्या बारीक तारेचं काय होतं ते कुणाला नीट माहीत नव्हतं.

आता आहे. निबंध छापून आला, ताई. एकशे अठ्ठ्याहत्तर वायर दाबल्या, त्यातल्या एकशे एकाहत्तर धनुष्यासारख्या वाकल्या आणि दाब काढला की पुन्हा सरळ उभ्या राहिल्या. मोडल्याच नाहीत. दोन कंपन्यांची पत्रं आली आहेत, त्यांना यातून दाब मोजायचे बारीक भाग करायचे आहेत. आभाराच्या यादीत तू पहिली आहेस. माझ्या विद्यार्थिनीचा सगळा प्रबंध याच्यावर उभा आहे, ती सध्या जमिनीवरून चालत नाही.

यांत्रिक हात आलाय. खोकी फोडून जोडणी चालू आहे. तो तुझ्या जागी बसणार. त्याला वय नाही आणि दर तासाला चहा लागत नाही, एवढाच त्याचा तुझ्याहून चांगुलपणा.

हातांचं मनाला लावून घेऊ नकोस. पंचावन्नाव्या वर्षी कुणाचेही हात पंचविशीचे राहत नाहीत. पेटी बघतो. भावोजींचा रक्ताचा रिपोर्ट कळव.

बारका


१८ ऑक्टोबर

बारक्या,

रिपोर्ट आला. ह्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत. डॉक्टर चांगले आहेत, पण चांगल्या माणसाने सांगितलं म्हणून बातमी चांगली होत नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आपल्या गावात सोय नाही. डोंगरातल्या रस्त्याने बसने दोन तास जायचं, चार तास मशीनला पडायचं, दोन तास परत यायचं. घरी आलो की हे कपडे न बदलता पडतात. दुसऱ्या दिवशी थोडे बोलतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा बस.

ह्यांची जीभ मात्र शाबूत आहे. मशीनला लावलेल्या माणसांची नावं पाडलीत. एक 'वाळवंट', त्याला सारखी तहान लागते. एक 'ज्वालामुखी', तो नर्सवर भडकतो. स्वतःला म्हणतात 'तलाव', कारण पाणी येतं, जात नाही. सगळा वॉर्ड हसतो. मी पण हसते, आणि मग बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीजवळ उभी राहते.

तुझ्या निबंधाचं ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "वाकतात आणि परत उभ्या राहतात? मग त्यांना म्हणावं मला शिकवा." फार आनंद झाला ह्यांना. मलाही झाला. त्या एकशे अठ्ठ्याहत्तर तरी मी नीट उभ्या केल्या होत्या ना.

यांत्रिक हात चालू झाला का? तो किती मोडतो? सहज विचारतेय. खरं म्हणजे सहज नाही. मला माझ्या जागी बसलेल्याचं कौतुक ऐकायचंय, म्हणजे मन एकदाचं गप्प बसेल.

ताई


३० ऑक्टोबर

ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. इकडे कामाची तोबा गर्दी आहे. भावोजींचं वाचून फार वाईट वाटलं. मी महिन्याभरात येऊन जातो. काही लागलं तर मागेपुढे न बघता कळव.

पेटी सापडली. माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलीय.

एक विचारायचं होतं, जुन्या नोंदी नीट करायच्या आहेत म्हणून. बसवताना वायर मोडायची ती नेमकी कुठल्या क्षणी? उपटताना, आणताना, उभी करताना, की टेकवणीत? आणि मोडताना ती आधी एका बाजूला झुकायची का? जेवढं आठवतं तेवढं लिही. फार डोकं शिणवू नकोस.

यंत्राची अजून जुळवाजुळव चालू आहे.

बारका


९ नोव्हेंबर

बारक्या,

आठवतं म्हणजे काय, डोळे मिटले की दिसतं. उपटणं, आणणं, उभी करणं, चिकटवणं या चार कामांत माझ्याकडून महिन्यातून एखादी जायची. मोडायच्या त्या सगळ्या टेकवणीत. हिऱ्याचं टोक वरून हलकेच टेकवायचं, वायर घट्ट बसली का बघायचं आणि उचलायचं. तूच पहिल्या दिवशी ठरवून दिलंस की टेकवणी बसवण्यात धरायची आणि दाबाचा मापक त्यानंतर चालू करायचा. तर टोक सरळ वरून खाली यायचं, टेकायचं, आणि वायर जागच्या जागी दोन तुकडे. झुकत नसे. वाकत नसे. आत्ता उभी होती आणि आत्ता वरचा तुकडा खालच्यावरून घसरून पडलेला. मला वाटायचं मी हलले नव्हते. दर वेळी वाटायचं. पण तू मोजून दाखवलंस, आणि स्वतःचा हात हलला की नाही हे स्वतःला कळत नाही म्हणतात.

आता माझं ऐक. नीट वाच हे.

डॉक्टर म्हणतात, ह्यांना प्रवास झेपत नाही. दुसरा एक मार्ग आहे, पोटाचं डायलिसिस. पोटात एक नळी बसवतात, ती कायमची. घरीच पाण्याची पिशवी त्या नळीला जोडायची, ते पाणी काही तास पोटात ठेवायचं, काढायचं, नवं भरायचं. दिवसातून चार वेळा. बस नाही, वॉर्ड नाही. माणूस आपल्या खिडकीत बसून पेपर वाचू शकतो. फक्त जोडताना नळीच्या उघड्या टोकाला कशाचाही स्पर्श होता कामा नये. बोटाचं टोक जरी लागलं तरी पोटात जंतू जातात, आणि मग जिवावर बेततं. ह्यांची बोटं साखरेच्या जुन्या आजाराने बधिर झालीत, दिसतंही कमी. म्हणजे जोडायचं मी. दिवसातून चार वेळा, वर्षाला चौदाशे साठ वेळा. मी गुणाकार करून बघितला.

नर्स म्हणाली, हात स्थिर असलेलं माणूस घरात हवं, बाकी सगळं मी शिकवते. मी तिला म्हटलं, विचारून सांगते.

तुलाच विचारायचं होतं. माझे हात जगात कुणी मोजले असतील तर ते तू. मी हो म्हणू का नको? गोड बोलू नकोस, बहीण म्हणून विचार करू नकोस. तुझ्याकडे आकडे आहेत, त्यांना विचार आणि एक शब्द लिही. पंचवीस तारखेला उत्तर द्यायचंय. तू सांगशील ते करीन.

ताई


२१ नोव्हेंबर

ताई,

तू थेट विचारलंस म्हणून चार वेळा लिहायला बसलो आणि चार वेळा उठलो.

हा माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे. इथे एक वायर मोडली तर चिपवर हजार उभ्या असतात. तिथे तसं नाही. तुझी माया, तुझी शिस्त याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण चौदाशे साठ वेळा म्हणजे फार झालं. दवाखान्यात निदान शिकलेली माणसं आहेत, चूक झाली तर तिथल्या तिथे सावरता येते.

आकड्यांचं म्हणशील तर माझ्याकडे जे आकडे आहेत ते तुला माहीत आहेत. त्यात काही बदल झालेला नाही.

मी तुझ्या जागी असतो तर हे धाडस केलं नसतं. शेवटी निर्णय तुमचा दोघांचा. बसमध्ये मागची सीट घेऊ नका, धक्के कमी बसतात पुढे. मी पुढच्या महिन्यात नक्की येतो.

बारका


२ डिसेंबर

बारक्या,

तुझं पत्र चोवीसला आलं, अगदी वेळेवर. वाचलं आणि जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, मला भीती होती की तू मला बरं वाटावं म्हणून हो म्हणशील. माझ्या हातून ह्यांचं काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं? पंचवीसला नर्सला नाही सांगून आले. ती म्हणाली, विचार बदलला तर या. मी म्हटलं, बदलायचा नाही, मोजून घेतलाय.

ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "एकतीस वर्षं तुझा हात धरलाय, मला काही कधी हलताना दिसला नाही. पण तुझा भाऊ शास्त्रज्ञ, मी आपला भूगोलाचा मास्तर. त्याच्यापुढे मी काय बोलणार?" चेष्टेनेच म्हणाले. मी चिडले, म्हटलं, तुम्हाला जिवाची किंमत नाही. मग आम्ही जेवलो.

पुढच्या सीटवर बसतो आता. खरंच धक्के कमी बसतात. पण परवा वाटेत ह्यांना दोनदा उलटी झाली, ड्रायव्हरने गाडी थांबवली, लोक घड्याळं बघायला लागले. ह्यांना फार लाज वाटली. पूर्वी वर्गात चाळीस पोरांपुढे खडूने जग काढणारा माणूस, रस्त्याच्या कडेला पिशवी धरून उभा होता.

वजन सात किलो उतरलंय. टोपणनावं पाडायचं बंद केलंय ह्यांनी. 'वाळवंट' गेल्या आठवड्यात वारला.

तू येतोस म्हणालास ते जमव. आणि यांत्रिक हाताचं तू सांगितलंच नाहीस.

ताई


१९ जानेवारी

बारक्या,

तार करायचे दिवस गेले आणि फोन चार दिवसांपासून बंद आहेत. हे पत्र ट्रकवाल्याबरोबर पाठवतेय.

आठ तारखेपासून अवकाळी पाऊस लागला होता. नऊला डोंगरातला रस्ता खचला. नऊचं डायलिसिस चुकलं, अकराचं चुकलं. मी ह्यांना पाणी द्यायचं जवळजवळ बंद केलं, ओठ ओले करत होते फक्त. चौदाला रस्ता उघडेल म्हणाले, उघडला नाही, तेही चुकलं. त्याआधीच, तेराच्या सकाळपासून, ह्यांना आडवं होता येत नव्हतं. बसवलं की श्वास घेता यायचा. डॉक्टर फोनवर सांगत होते तोपर्यंत मी ऐकत होते, मग फोन गेले.

पंधराला सकाळी दहा वाजता गेले. माझ्या खांद्याला टेकून बसले होते. छातीत पाणी भरलं.

ये म्हणत नाही, येऊ नको म्हणत नाही. रस्ता अजून एकाच बाजूने चालू आहे.

ताई


६ फेब्रुवारी

ताई,

मी येऊन दोन दिवस तुझ्याकडे बसलो, तू केलेला चहा प्यायलो, भावोजींची पुस्तकं खोक्यात भरायला मदत केली, आणि मूग गिळून परत आलो. तू मला बसपर्यंत सोडायला आलीस. म्हणालीस, "तू होतास म्हणून मला योग्य निर्णय घेता आला." मी बसमध्ये चढलो. तेव्हाही बोललो नाही.

आता लिहितो. पुढचं वाचून तू हे पत्र फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

तुझे हात हलत नव्हते. कधीच हलले नव्हते.

यांत्रिक हाताने ऑक्टोबरमध्ये पहिल्या नव्वद वायर बसवल्या. अठ्ठावन्न मोडल्या. दहातल्या सहा. सगळ्या टेकवणीत. मी यंत्राला दोष दिला, दोन दिवस त्याचे स्क्रू पिळले. मग तुझी पेटी उघडली आणि बुडखे एकेक करून मायक्रोस्कोपखाली घातले. हात हलून आडव्या धक्क्याने मोडलेली तार कशी दिसते ते मला माहीत आहे, एका बाजूला ताणाची आणि दुसऱ्या बाजूला ओठासारखी कड असते. तुझ्या पेटीतल्या एकाही बुडख्याला ती नव्हती. सगळ्यांचा काप गुळगुळीत आणि तिरका. सगळ्यांचा एकाच कोनात.

ह्या तारा दाबाखाली अशाच जातात, ताई. दाब सरळ वरून येतो, पण आत एखादा थर चुकून बसलेला असला तर त्या तिरक्या पातळीवरून वरचा भाग खालच्यावरून घसरतो. वाकणं नाही, झुकणं नाही, सूचना नाही. आमच्या भट्टीचं तापमान मधूनच एकदा उतरतं, त्या वेळी उगवलेला थर चुकतो. दहातल्या सहा तारांत तो दोष जन्मापासून होता. टेकवणी एवढी हलकी की ती दाबात धरायची मला गरज वाटली नव्हती. ती दाबच होती. पहिल्या दाबाला मोडलेल्या सगळ्या आम्ही 'बसवताना मोडल्या' म्हणून बाजूला काढल्या, उरलेल्या वाकणाऱ्या मोजल्या आणि जगाला सांगितलं की ह्या मोडत नाहीत. हा नियम मी केला होता. त्याचं बिल मी तुझ्या हातांवर फाडलं.

हे मला सत्तावीस ऑक्टोबरला कळलं. तुझा प्रश्न नऊ नोव्हेंबरचा. तू उत्तर मागितलंस तेव्हा उत्तर माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलेलं होतं. एक शब्द लिहायचा होता. हो. तो लिहिला की तू विचारलं असतंस, कशावरून? आणि मग निबंध, त्या दोन कंपन्या, विद्यार्थिनीचा प्रबंध, माझी खुर्ची, सगळं त्या एका शब्दाच्या मागून कोसळलं असतं. मी स्वतःला म्हटलं, आणखी एकदा तपासू, महिन्याभराने सांगू. म्हटलं, दवाखाना काय वाईट आहे. रस्ता माझ्या डोक्यातही नव्हता. 'बदल झालेला नाही' हे वाक्य मी शांतपणे लिहिलं, खाडाखोड न करता. पाकीट चिकटवून चालत जाऊन टपालपेटीत टाकलं.

निबंध मागे घेत असल्याचं काल कळवलं. विद्यार्थिनीला सांगितलं, ती माझ्याशी बोलत नाही. यात तुझं काही भरून येत नाही हे मला कळतं. तुझी जागा रिकामी आहे, हेसुद्धा लिहायची हिंमत होत नाही, तरी लिहिलं.

क्षमा मागायला तोंड नाही.

बारका


२० फेब्रुवारी

बारक्या,

पत्र फाडलं नाही. आपल्या घरात काही फाडायची सवय नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. मग दुकान बंद केलं आणि बाबांच्या टेबलावर हात ठेवून त्यांच्याकडे बघत बसले. वर्षभर ह्या दोन हातांना मी किती बोलले होते. दार लावताना कडी लागली नाही तरी हातांनाच शिव्या.

तुझ्यावर राग आहे. किती ते मलाच अजून दिसलेलं नाही. तुला मी तुझ्या पाचव्या वर्षापासून जेवू घातलंय, शाळेच्या दारापर्यंत बोट धरून नेलंय, तेव्हा तुला क्षमा करायची सवयही जुनीच आहे. ह्या वेळी ती चालत नाहीये. खूप ओढून बघितली. तू इथे येऊ नकोस. जागेचं पुन्हा लिहू नकोस. निबंधाचं काय केलंस ते त्या तारांनाच सांग.

पण सगळं तुझ्या डोक्यावर टाकून मी मोकळी झाले असते, तेही होत नाही. हे म्हणाले होते, एकतीस वर्षांत हात हलला नाही. ज्याने हात धरला त्याचं मी ऐकलं नाही आणि ज्याने मोजला त्याचं ऐकलं. वर त्यांच्यावरच चिडले. हे माझं मीच केलं, त्यात तू नव्हतास.

परवा दवाखान्यात गेले होते, ह्यांची कागदपत्रं परत आणायला. ती नर्स भेटली. मी तिला म्हटलं, ते पोटाच्या डायलिसिसचं सरावाचं सामान असेल तर मला एकदा करून बघायचंय. तिला विचित्र वाटलं असणार, पण नवरा गेलेल्या बाईला कुणी नाही म्हणत नाही. तिने आतल्या खोलीत टेबलावर रबरी पोट मांडलं, नळी, पिशवी, सगळं खऱ्यासारखं. माझ्या बोटांना निळी पूड लावली. नळीच्या उघड्या टोकाला बोट जरा जरी लागलं तरी तिथे निळा डाग पडतो, त्यावरून चूक कळते. नवीन माणसाला पहिल्या दिवशी वीसपैकी आठ-दहा डाग पडतातच, म्हणाली.

वीस वेळा जोडलं, वीस वेळा सोडवलं. ती दर वेळी टोक उजेडात धरून बघायची. दहाव्यानंतर तिने बघताना भिंग घेतलं. वीस झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, मग तेव्हा 'नाही' का म्हणालात?" मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. तुझं नाव घेतलं नाही.

बारक्या, तुला वाटेल मी सिद्ध करायला गेले होते. मी डाग पडावा म्हणून गेले होते. दर वेळी टोक जवळ आणताना मनात म्हणत होते, आता लागू दे, एकदा तरी लागू दे. शेवटच्या पाच वेळा तर मी मुद्दाम घाई केली, दुसरीकडे बघितलं. एक डाग पडला असता ना, तर मी घरी येऊन ह्यांच्या पलंगाशी बसून म्हटलं असतं, बघा, नाही म्हटलं तेच बरं झालं, माझ्याच हातून गेला असतात.

एकही पडला नाही.

ताई